लहान जहाजाने पॉलिनेशिया: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कोकणात आगबोटी चालत होत्या तेव्हा कित्येक बंदरांत बोट धक्क्याला लागायचीच नाही. ती लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, बोचकी पडावात उतरून किनाऱ्याला यायची. आजीकडून हे वर्णन मी इतक्यांदा ऐकलं होतं की फातु हिवा बेटासमोर दोन खलाशांनी दंड धरून मला एका हिंदकळत्या होडीत अलगद 'ठेवलं', तेव्हा भीतीच्या आधी ओळख वाटली. जगाच्या पार दुसऱ्या टोकाला पडाव अजून चालू आहेत!

दक्षिण प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियाच्या लहान जहाजांबद्दल लोक मला मुख्यतः भाडं विचारतात. ते वर्ष, हंगाम, कॅबिन यांप्रमाणे बदलतं, तेव्हा त्याची चौकशी तुम्हीच करा. त्याआधी ठरवायच्या गोष्टी मात्र क्रमाने सांगतो, कारण आमचा स्वतःचा क्रम चुकला होता. आम्ही आधी जहाज निवडलं आणि मग ते कुठे जातं ते पाहिलं.

१. आधी बेटं, मग जहाज

फ्रेंच पॉलिनेशियात ११८ बेटं आहेत आणि ती पाच द्वीपसमूहांत विखुरली आहेत. सगळी जमीन गोळा केली तर जेमतेम आपल्या गोव्याएवढी भरेल, पण ती ज्या समुद्रावर पसरली आहे तो जवळजवळ पश्चिम युरोपएवढा आहे. त्यामुळे 'सगळं पाहून येऊ' हा विचार पहिल्याच दिवशी सोडून द्या.

निवड करण्यासाठी थोडा भूगोल लागतो. समुद्राच्या तळातून ज्वालामुखी वर येतो, बेट बनतं, मग लाखो वर्षं ते हळूहळू खचत जातं. डोंगर खाली जात असतानाच त्याच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहतं. या प्रवासाचे सगळे टप्पे इथे शेजारीशेजारी पाहायला मिळतात. ताहिती तरुण आहे, त्याचं शिखर २,२४१ मीटर उंच. बोरा बोरा म्हातारं: डोंगराचा ७२७ मीटरचा सुळका उरलाय आणि भोवती रुंद, उथळ, निळं लॅगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने अडवलेलं पाणी. तुआमोतूच्या बेटांत तर डोंगर पार बुडाला आहे, उरलं आहे फक्त प्रवाळाचं कडं. रांगिरोआचं कडं एवढं मोठं की मधल्या पाण्यापलीकडचा किनारा दिसत नाही. डार्विन १८३५ मध्ये ताहितीच्या डोंगरावर चढला होता. समोर प्रवाळाच्या चौकटीत बसलेलं मोरेआ बेट पाहून त्याची ही उपपत्ती आणखी पक्की झाली.

आता हे प्रवासाच्या भाषेत. सोसायटी बेटांत, म्हणजे ताहिती, मोरेआ, हुआहिने, रायातेआ, तहाआ, बोरा बोरा या भागात, प्रवाळाचं कडं लाटा बाहेरच अडवतं. जहाज आत नांगर टाकतं आणि पाणी तळ्यासारखं असतं. तुआमोतू हे पाण्याखाली डोकं घालणाऱ्यांचं राज्य. जमिनीवर नारळ, रस्ता, चर्च आणि शांतता. मार्केसास मात्र वेगळंच प्रकरण आहे. ताहितीवरच्या पापीते या राजधानीपासून चौदाशे-पंधराशे किलोमीटर ईशान्येला, भोवती प्रवाळाचं कडं जवळजवळ नाही, काळे कडे थेट समुद्रात उतरतात आणि महासागराची लाट सरळ किनाऱ्याला येऊन आपटते.

माझं मत विचाराल तर: सोबत वयस्कर आईवडील असतील किंवा बोट लागण्याची भीती असेल, तर सोसायटी बेटांची सात रात्रींची फेरी. पोहता येत असेल तर तुआमोतू जोडलेली दहा-अकरा रात्रींची. आणि गुडघे शाबूत असतील, सुट्टी लांब असेल, तर मार्केसास. फक्त बोरा बोराचे फोटो हवे असतील तर जहाज घेऊच नका, विमानाने जा आणि तिथेच राहा.

२. 'लहान' म्हणजे किती

'लहान जहाज' या नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे खरोखरची प्रवासी जहाजं, पण आटोपशीर. 'पॉल गोगँ' हे सुमारे ३३० प्रवाशांचं जहाज याच पाण्यासाठी, उथळ बुडाचं बांधलं गेलं. 'विंड स्पिरिट' हे इथे बरीच वर्षं फिरलेलं चार डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, दीडशेच्या आत माणसं. कॅबिन नीटनेटकी, जेवण उत्तम, बेटावरच्या सहलींचे पैसे बहुधा वेगळे. बुकिंग करताना भाड्यात काय धरलंय याची यादी मागून घ्या, कारण दोन जहाजांच्या भाड्यांची तुलना त्याशिवाय फसवी ठरते.

दुसरी गोष्ट 'अरानुई'. हे अर्धं मालवाहू, अर्धं प्रवासी जहाज आहे. पुढच्या भागात क्रेन आणि कंटेनर, मागच्या भागात कॅबिन. मार्केसासच्या लोकांना सिमेंट, फ्रीज, बिअर, मोटारी, शाळेची बाकं हे सगळं याच्यावरून येतं आणि परतीला सुक्या खोबऱ्याची पोती, नोनीची फळं चढतात. साधारण १२ दिवसांची फेरी, सव्वादोनशे-अडीचशे प्रवासी. खोल्यांत सुइटपासून बंक असलेल्या सामायिक खोलीपर्यंत सगळं मिळतं. जेवण आणि वाटाड्यांबरोबरच्या सहली भाड्यातच येतात. प्रत्येक बंदरात जहाज माल उतरवायला जितका वेळ लागतो तितकं थांबतं, तुमच्यासाठी नाही. आणि मला हेच आवडलं. गावातले लोक धक्क्यावर येतात ते आपली ताडपत्री, आपला टीव्ही घ्यायला. आपण तिथे पाहुणे असतो, गिऱ्हाईक नव्हे.

तिसरी म्हणजे रायातेआहून सुटणारी शिडाची कॅटामरान, म्हणजे दोन बुडं जोडलेली होडी. आठ-दहा माणसं, एक कप्तान, एक स्वयंपाकी. रायातेआ आणि तहाआ एकाच लॅगूनमध्ये आहेत, त्यामुळे तिथे हिंडायला मजा येते. पण सहप्रवासी पटले नाहीत तर पळायला जागा नाही. ओळखीची चार जोडपी मिळून पूर्ण होडी घ्या, अनोळखी लोकांत एखादी कॅबिन नको.

मोठ्या जहाजांबद्दल एवढंच: बोरा बोराने क्रूझने येणाऱ्यांवर दिवसाला १,२०० प्रवाशांची मर्यादा घातली आहे. गर्दीला बेटवालेच कंटाळले, यातून काय ते समजा.

३. महिना

मे ते ऑक्टोबर कोरडा, त्यातल्या त्यात गार. नोव्हेंबर ते एप्रिल दमट, पावसाचा. जून ते ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून 'मारामू' नावाचा जोरदार वारा सुटतो. आकाश निळं असतं पण समुद्र खवळतो, हे जाहिरातीत सांगत नाहीत. जुलैत पापीतेत 'हेइवा' हा नृत्य-स्पर्धांचा मोठा उत्सव असतो, मग हॉटेलं भरतात. जुलै ते ऑक्टोबरमध्ये कुबड असलेले हंपबॅक देवमासे पिल्लांना जन्म द्यायला इथे येतात. सगळं जुळवायचं तर सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबर. त्यात दिवाळी आली तर घरच्यांशी तुम्हीच बोला.

४. व्हिसा, आणि चोरीला गेलेला शनिवार

इथे सर्वात जास्त लोक अडतात. ताहिती फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. 'शेंगेन आहे, चालेल' असं गृहीत धरू नका. फ्रान्सच्या व्हिसा केंद्रातच अर्ज करायचा, पण जाण्याचं ठिकाण फ्रेंच पॉलिनेशिया असं स्पष्ट लिहायचं.

त्याहून मोठी गोष्ट वाटेतल्या देशांची. मुंबईहून थेट विमान नाही. नेहमीचे मार्ग लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को किंवा ऑकलंडवरून. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. ऑकलंडमार्गे जाताना तिथला ट्रान्झिट व्हिसा आधी काढावा लागतो. म्हणजे तिकीट काढण्यापूर्वी दोन व्हिशांचा विचार. अमेरिकेत राहणाऱ्या मुलांकडे गेलेले आईवडील तिथूनच ही सहल जोडतात, आणि ते शहाणपणाचं आहे.

ऑकलंडवरून जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते. शनिवारी दुपारी निघालात तर पाच तासांनी ताहितीत उतरता तेव्हा शुक्रवारची रात्र असते. हॉटेल शनिवारपासून घेतलं असेल तर ती रात्र विमानतळावरच्या बाकावर. परतताना उलट, एक अख्खा दिवस गायब. त्या दिवशी तुमचा उपवास असेल तर तो झाला असं धरावं का, हा प्रश्न आमच्या हिने विचारला होता. उत्तर मला देता आलेलं नाही.

ताहिती भारतापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे. पुण्यात सोमवारचे सकाळचे साडेआठ म्हणजे तिथे रविवारचे संध्याकाळचे पाच. मार्केसासला घड्याळ आणखी अर्धा तास पुढे करायचं असतं. 'अर्ध्या तासाचा' फरक ऐकून युरोपातल्या प्रवाशांना फार नवल वाटतं. आपल्याला काय त्याचं!

जहाज सुटण्याच्या आधी किमान एक, जमल्यास दोन रात्री पापीतेत काढा. जहाज कोणासाठी थांबत नाही, आणि चुकलेलं जहाज पुढच्या बेटावर गाठणं खर्चाचं काम आहे. विम्यात वैद्यकीय विमानवाहतूक धरलेली हवी. मोठं रुग्णालय ताहितीतच आहे आणि मधे हजार किलोमीटर पाणी असू शकतं.

५. सामान

कपडे कमी न्या. दोन वस्तूंवर मात्र काटकसर नको: पाण्यात घालायचे जाड रबरी तळव्यांचे बूट आणि पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा. प्रवाळाने कापलेलं लवकर भरत नाही. शिवाय उथळ पाण्यात 'नोहू' नावाचा मासा हुबेहूब दगडासारखा पडून असतो, त्याच्या काट्यांत विष असतं. चुकून पाय पडलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे धावायचं.

वीज २२० व्होल्ट, पिना फ्रेंच पद्धतीच्या दोन गोल. मोबाइलचा आपला दोन पिनांचा चार्जर चालतो, तीन पिनांची वस्तू चालत नाही. डासांपासून जपा, डेंग्यू असतो, मलेरिया नाही. मार्केसासच्या किनाऱ्यांवर 'नोनो' नावाची बारीक माशी चावते. चावल्यावर खाजवलं की आठवडाभर पस्तावायचं. तिथले लोक अंगाला 'मोनोई' फासतात, म्हणजे तिआरेची फुलं मुरवलेलं खोबरेल. तिआरे हे आपल्या अनंताचं भावंड. विमानतळावर त्याच फुलाने स्वागत होतं आणि पहाटेच्या झोपेतही आजोळच्या अंगणाची आठवण येते.

६. खाण्याचं

शाकाहारी लोकांनी इथे नीट लक्ष द्यावं. इथलं मुख्य पक्वान्न म्हणजे लिंबू पिळून नारळाच्या दुधात कालवलेला कच्चा मासा. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की पुष्कळदा मासा चालेल असं समजतात. म्हणून बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा: मांस नाही, मासा नाही, अंडं चालतं की नाही, माशाचं पाणी घातलेलं सार नको. जेवताना 'सां व्यांद, सां प्वासाँ' म्हणजे मांस नको, मासा नको. हे दोन शब्द मी ताहितीयन शिकण्याआधी शिकलो.

पण उपाशी राहायची भीती नको, कारण तिथली जमीन कोकणाची चुलत बहीण आहे. 'उरू' म्हणजे आपला नीरफणस. तो निखाऱ्यावर आख्खा भाजतात, साल काढतात आणि वाफाळता खातात. आपली तिखटमीठ लावून तळलेली कापं त्यांना माहीत नाहीत, त्यांचं नुकसान. याच नीरफणसाची रोपं कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांना स्वस्त अन्न म्हणून न्यायला 'बाउंटी' जहाज १७८८ मध्ये ताहितीत आलं होतं. पुढच्या वर्षी खलाशांनी बंड केलं आणि रोपं समुद्रात फेकली. 'तारो' म्हणजे अळूचा कंद. अळूच्या पानांच्या भाजीला तिथे 'फाफा' म्हणतात. आपल्या फतफत्याशी नातं लावायचा मोह आवरा आणि आत कोंबडी घातली आहे का ते आधी विचारा, बहुधा घातलेली असते. 'पोए' हा भोपळ्याचा किंवा केळ्याचा, पिठूळ सत्त्व घालून भाजलेला आणि नारळाच्या दुधात बुडवलेला गोड प्रकार निर्धास्त खा. मार्केसासची हिरवी पपनसं तर मी आयुष्यात विसरणार नाही.

औषधी म्हणून जगभर विकली जाणारी नोनी म्हणजे आपली बारतोंडी. तामानू तेलाच्या इवल्याशा बाटलीची किंमत ऐकाल तेव्हा लक्षात ठेवा की ते उंडीचं तेल आहे. आपल्याकडे ते दिव्यात जाळायचे.

घरून मेतकूट, कोरडी चटणी, आलेपाक न्यायला हरकत नाही, पण कारखान्याच्या बंद पाकिटांत. फळं, बिया, मध, घरगुती ओलं काही नको, आणि जे नेलं ते कस्टमच्या कागदावर लिहा. लॅगूनमध्ये स्वतः गळ टाकून पकडलेला मोठा मासा खाऊ नका: काही प्रवाळी माशांत सूक्ष्म शेवाळातून आलेलं विष साठतं आणि ते शिजवून जात नाही. कुठला चालतो ते गावातल्यांना ठाऊक असतं.

७. बोट लागते, तेव्हा

बेटांमधली मोठी अंतरं जहाज बहुधा रात्री कापतं. कॅबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याला घ्या. हलणं तिथे सर्वात कमी. वरची, पुढची, बाल्कनीची खोली महाग आणि झुलतीही जास्त. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच न्या आणि मळमळ सुरू होण्यापूर्वी घ्या. पोट रिकामं ठेवू नका. डेकवर जाऊन क्षितिज बघत बसा, मोबाइल अजिबात नको. पहिल्या रात्री आमच्या टेबलावरची चार माणसं जेवणाला आली नाहीत, तिसऱ्या दिवशी तीच माणसं दुसऱ्यांदा वाढून घेत होती.

होडीत उतरण्याचे नियम पहिल्या दिवशीच सांगतात, तरी लिहितो. हात रिकामे हवेत, कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत. खलाशाचा तळवा धरायचा नाही, मनगटाजवळचा हात धरायचा आणि त्याला तुमचा तसाच धरू द्यायचा. ओल्या हातांनाही ती पकड सुटत नाही. लाट होडीला वर आणेल आणि तो म्हणेल, त्याच क्षणी पाऊल टाकायचं. अर्धं पाऊल टाकून विचार करायचा नाही. खलाशांचे हात गोंदलेले, आडदांड, आणि म्हाताऱ्या बायकांना ते फुलासारखं उचलून ठेवतात. त्यांच्यावर विश्वास टाका.

मार्केसासमधल्या फातु हिवावर ओमोआ गावातून हानावावेपर्यंत डोंगरातून सुमारे १७ किलोमीटर चालत जाता येतं आणि जहाज पलीकडच्या उपसागरात भेटतं. चढ उभा आहे, सावली कमी. निम्म्या वाटेवर दम लागला तर परत फिरणंही तितकंच लांब, तेव्हा आदल्या दिवशी प्रामाणिकपणे ठरवा. ज्यांना चालायचं नाही त्यांनी ओमोआत थांबून झाडाची साल कुटून कापड कसं करतात ते पाहावं.

८. पाण्यात

आपल्या मुंबईला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. ताहितीत तो जेमतेम वीतभर-दीड वीत. आणखी गंमत म्हणजे भरती रोज साधारण दुपारी बारा आणि मध्यरात्री बारालाच येते, आपल्यासारखी पाऊण तासाने पुढे सरकत नाही. तिथे चंद्राची भरती जवळपास शून्य होते आणि सूर्याचीच उरते. कोकणातल्या माणसाला हे कळायला दोन दिवस लागतात.

म्हणून सोसायटी बेटांच्या लॅगूनमध्ये पोहणं सोपं आहे. तुआमोतूची गोष्ट निराळी. लाटांबरोबर कड्यावरून आत आलेलं सगळं पाणी दोन-चार खिंडींतून बाहेर पडतं. रांगिरोआची तिपुता किंवा फाकारावाची खिंड ही अशी वाहती नदीच आहे. तिथे वाटाड्या आणि होडी सोबत असेल तरच उतरा. प्रवाहाबरोबर वाहत जायचं, उलट पोहायचं नाही. काळ्या टोकाचे लहान शार्क दिसतील. ते तुमच्याकडे दुर्लक्ष करतात, तुम्हीही करा. हात घालायचा नाही, खायला टाकायचं नाही. पोहता येत नसेल तर जीवरक्षक जाकीट मागायला लाजू नका, आमच्यातल्या निम्म्यांनी घातलं होतं.

९. गावात

'इया ओराना' म्हणजे नमस्कार, 'मारुरू' म्हणजे आभार. मार्केसासला नमस्कार 'काओहा'. फूल डाव्या कानामागे म्हणजे माणूस गुंतलेलं, उजव्या म्हणजे मोकळं. रविवारी बहुतेक सगळं बंद. चर्चमध्ये जा, खांदे झाकून. केवड्याच्या कुळातल्या झाडाच्या पानांच्या विणलेल्या टोप्या घातलेल्या आज्या जे गातात ते ऐकायला धर्म लागत नाही.

दगडी चौथऱ्यांवर, म्हणजे 'मराए'वर, चढू नका, ती देवस्थानं आहेत. रायातेआवरचं तापुतापुआतेआ २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. याच बेटावर जन्मलेला नाविक तुपाया १७६९ मध्ये कॅप्टन कुकबरोबर निघाला आणि कागदी नकाशाशिवाय त्याला बेटांमागून बेटं सांगत गेला. मार्केसासच्या हिवा ओआ बेटावर अतुओनाच्या टेकडीवरच्या स्मशानात चित्रकार गोगँ (मृत्यू १९०३) आणि गायक जॅक ब्रेल, दोघांच्याही कबरी आहेत. सगळे प्रवासी तिकडे जातात. मला त्याच बेटावरच्या पुआमाऊच्या दगडी मूर्तींपुढे जास्त वेळ उभं राहावंसं वाटलं.

चलन पॅसिफिक फ्रँक, युरोशी बांधलेला: १,००० फ्रँक म्हणजे ८ युरो ३८ सेंट. पापीतेतच रोख काढून ठेवा, छोट्या बेटांवर एटीएम नसतं आणि लाकडावर कोरीवकाम करणारे कारागीर कार्ड घेत नाहीत. टिप देण्याची तिथली रीत नाही. घासाघीसही करू नका, त्यांना अपमान वाटतो. काळे मोती घ्यायचे तर शेवटच्या दिवसापर्यंत थांबा, आधी नुसते बघत राहा, म्हणजे नजर तयार होते.

शेवटच्या सकाळी जहाज लवकर रिकामं करायला लावतात, आणि परतीची विमानं पुष्कळदा रात्री उशिरा असतात. सामान ठेवण्याची सोय आदल्या दिवशीच विचारून ठेवा, दुपार पापीतेच्या मार्केटात काढा, आणि संध्याकाळी बंदराजवळच्या वैएते चौकात जा. तिथे खाण्याच्या गाड्या लागतात, कितीतरी चिनी कुटुंबांच्या. नूडल्स मागवा, 'सां व्यांद, सां प्वासाँ' सांगा, आणि कोळंबीही नको हे वेगळं सांगा. कोळंबी त्यांच्या लेखी ना मांस, ना मासा.